औषधाची मात्रा

नाशिक येथें १९९८ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परिचर्या-अभ्यासक्रमांत औषधशास्त्र आहे, तें नुसतीं नांवें पाठ करण्यासाठीं नव्हे. इन्शुलिनचेंच उदाहरण पाहा. तें प्रथिन असल्यानें पोटांत पचून जातें; म्हणून त्वचेखालीं टोंचावें लागतें. त्याच्या कुप्यांत दर मिलिलिटरला कधीं ४० एककें असतात, कधीं १००. पिचकाऱ्याही त्याप्रमाणें निराळ्या. शंभराच्या कुपींतील औषध चाळिसाच्या पिचकारींत विसाच्या खुणेपर्यंत भरलें, तर २० ऐवजीं ५० एककें शरीरांत जातात! रक्तांतील साखर एकाएकीं उतरून रोगी बेशुद्ध पडण्याचें, प्रसंगीं दगावण्याचेंही भय असतें. यास्तव रोगी, औषध, मात्रा, मार्ग व वेळ हीं पांच पडताळूनच औषध द्यावें, हा परिचारिकेचा पहिला धडा. घरीं इन्शुलिन टोंचणाऱ्यांनींही तो गिरवावा.