जड लाकडाला गोंद का धरत नाही?

अंजनाचे पक्के लाकूड पाण्यात बुडते. खान्देशातल्या खडकाळ माळांवर आणि सातपुड्याच्या उतारांवर वाढणाऱ्या या झाडाचा पाला गुरांना चारतात, लाकूड शेतीच्या अवजारांना लागते. त्याचा होडीशी काय संबंध? होडीची फळी हलकी चालते. पण तळाचा कणा आणि बाकदार फासळ्या लाटेचा मार खातात, तिथे घट्ट लाकूडच हवे. फासळी ओंडक्यातून कापली तर लाकडाच्या रेषा मध्येच तुटतात, म्हणून पातळ पट्ट्या साच्यावर वाकवून एकावर एक चिकटवतात.

अडचण इथेच येते. पेशींच्या भिंती कुठल्याही लाकडात जवळपास सारख्याच, पाण्याच्या सुमारे दीडपट जड असतात, फरक पोकळीचा. सागात निम्म्याहून अधिक पोकळी असते, अंजनात त्याहून बरीच कमी. गोंद या पोकळ्यांत शिरून पकड घेतो. अंजनात त्याला शिरायला जागाच थोडी. सागाचे दुखणे वेगळे: ज्या तेलकट द्रव्यांमुळे वाळवी लांब राहते, तीच गोंदालाही दूर ठेवतात. रंधा मारल्यावर ती हळूहळू पृष्ठभागावर येतात. त्यामुळे रंधा मारलेली पट्टी उद्यावर न टाकता त्याच दिवशी खरखरीत पॉलिश पेपरने घासून, अ‍ॅसिटोनने पुसून, ते उडून गेल्यावर जोडावी.

फर्निचरचा साधा पांढरा गोंद पाण्याखाली टिकत नाही. इपॉक्सी टिकते, पण तिला शिकंजा बेताने कसावा लागतो. सुताराचा हात सवयीने जोर लावतो, सगळी इपॉक्सी बाहेर येते आणि सांधा कोरडा राहतो. शिवाय दर दहा अंश तापमानवाढीला ती साधारण दुप्पट वेगाने घट्ट होते. जळगावच्या मे महिन्यात मग्गाभर मिश्रण तापून धुरकटू शकते. पहाटे, पसरट ताटात, थोडे थोडे कालवलेले बरे.

याच उन्हात लाकूड पार सुकते. तसेच चिकटवून पावसाळ्यात कोकणात नेले की ते फुगते. आणि लाकूड जितके घट्ट, तितक्या जोराने फुगून ते सांधा फाडायला बघते. पट्ट्या पातळ ठेवण्याचे हे दुसरे कारण.

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेल्या ‘म्हादेई’च्या सांगाड्यात हलक्या सिडारच्या पट्ट्या इपॉक्सीने जोडून काचतंतूत गुंडाळल्या आहेत. त्याच बोटीतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. हलके लाकूड गोंद सहज घेते, हे इथे उपयोगी पडते.

कारागिराच्या अंगाचे काय? इपॉक्सीतल्या हार्डनरची अ‍ॅलर्जी एकदा जडली की बहुधा कायमची; मग थेंबभरानेही पुरळ उठते. हात थिनरने पुसू नयेत, साबणाने धुवावेत. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत धरले आहे. धोका मुख्यतः नाकाचा व त्यालगतच्या पोकळ्यांचा. उन्हासाठी बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही, एन-९५ मास्क लागतो.

सांधा पारखायचा तर त्याच लाकडाचा नमुना चिकटवून, पुरता घट्ट झाल्यावर काही दिवस पाण्यात ठेवा, वाळवा आणि पटाशीने फोडा. लाकूड फाटले तर गोंद पक्का. सांधा गुळगुळीत, चकचकीत उघडला तर ती फासळी होडीत बसवू नये.