सणावारांची शाळा

फेब्रुवारी उजाडता उजाडता आयर्लंडमधल्या कॅथलिक प्राथमिक शाळांच्या वर्गांत ओल्या लव्हाळ्यांचे भारे येऊन पडतात. कुणाच्या तरी आजोबांनी पाणथळ रानातून ते आणलेले असतात. लव्हाळा कापायचा नाही, उपटायचा, असा तिथला जुना प्रघात. मुलं एक काडी उभी धरतात, दुसरी मधोमध दुमडून तिच्याभोवती अडकवतात, मग हातातलं सगळं पाव फेरा फिरवायचं आणि पुढची काडी दुमडून अडकवायची. पुन्हा फिरवायचं, पुन्हा अडकवायचं. चिमूट सैल पडली की सगळं सुटतं आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. घट्ट धरलं तर मध्ये विणलेला चौकोन भरत जातो, चार दिशांना चार हात फुटतात. त्यांची टोकं दोऱ्यानं बांधली की क्रूस तयार. तो घरी नेऊन दारावर लावायचा, म्हणजे घराला आग लागत नाही, अशी समजूत.

हा संत ब्रिजिडचा क्रूस. 1 फेब्रुवारी हा तिचा दिवस. 2023 पासून आयर्लंडमध्ये तिच्या नावानं सार्वजनिक सुट्टीही मिळू लागली. तिची गोष्ट वर्गावर्गात नाटक करून दाखवली जाते. मठासाठी जागा मागायला ती राजाकडे गेली आणि म्हणाली, माझा झगा झाकेल तेवढीच जमीन दे. राजा हसून हो म्हणाला. झगा मात्र पसरत पसरत किल्डेरचं सगळं माळरान व्यापून बसला. वामनाची तीन पावलं ऐकत वाढलेल्या मराठी मुलाला ही गोष्ट परकी वाटायची नाही. 2024 मध्ये ब्रिजिडच्या मृत्यूला 1500 वर्षं झाल्याचं मानून देशभर कार्यक्रम झाले, त्यांत शाळकरी मुलांचा वाटा मोठा होता.

ही शाळा नेमकी कुणाची, हे समजून घेतल्याशिवाय तिचे सण समजत नाहीत. 1831 मध्ये आयर्लंडचे मुख्य सचिव एडवर्ड स्टॅन्ली यांनी एका पत्राद्वारे राष्ट्रीय प्राथमिक शाळांची योजना मांडली. सर्व पंथांच्या मुलांनी एकत्र शिकावं आणि धर्मशिक्षण तेवढं वेगळं द्यावं, ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात प्रत्येक पंथानं आपापल्या शाळा धरल्या आणि एकोणिसावं शतक संपेपर्यंत ती व्यवस्था पक्की झाली. आजही तिथल्या दहातल्या जवळपास नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक आहेत. पण ‘मिशनची शाळा’ म्हटल्यावर आपल्याकडे जे चित्र डोळ्यांपुढे येतं, ते इथे लागू पडत नाही. शिक्षकांचे पगार सरकार देतं, फी नसते, सप्टेंबर 2023 पासून पाठ्यपुस्तकंही मोफत आहेत. शाळेचा आश्रयदाता म्हणजे तिथला बिशप, आणि रोजचा कारभार पाहतं ते आठ जणांचं व्यवस्थापन मंडळ: बिशपनं नेमलेले दोघे, मुख्याध्यापक, एक शिक्षक, दोन पालक आणि गावातले दोघे. शिकवणाऱ्या नन आणि ब्रदर आता क्वचितच दिसतात.

त्यामुळे शाळेचा सण हा गावाचाही सण असतो. जानेवारीअखेरच्या ‘कॅथलिक शाळा सप्ताहा’त एक दिवस आजी-आजोबांचा असतो. ते वर्गात येऊन बसतात, आपल्या वेळची शाळा कशी होती ते सांगतात, नातवंडांबरोबर प्रार्थना करतात, चहा पिऊन घरी जातात. राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला की ‘ट्रोकरा’ या संस्थेची पुठ्ठ्याची पेटी घरोघरी जाते. बिशपांनी 1973 मध्ये परदेशातल्या गरजूंसाठी ही संस्था काढली. चॉकलेट सोडून वाचवलेली नाणी मुलं ईस्टरपर्यंत त्या पेटीत टाकत राहतात. 1 ते 17 मार्च हा आयरिश भाषेचा उत्सव. त्या दिवसांत मैदानावरही आयरिशच बोलायचा आग्रह असतो, सभागृहात समूहनृत्यं होतात आणि शेवटी संत पॅट्रिकचा दिवस येतो. डब्लिनमधल्या एखाद्या शाळेचा संघ गेलिक फुटबॉल किंवा हर्लिंग या तिथल्या देशी खेळांच्या अंतिम सामन्यात पोचला, तर मुलांना क्रोक पार्कवर उतरायला मिळतं. देशाचे मोठे सामने होतात त्याच मैदानावर बारा वर्षांची मुलं खेळतात आणि अख्खी शाळा आरोळ्या ठोकायला हजर असते. 1997 पासून पर्यावरणाच्या कामासाठी शाळांना ‘हिरवा झेंडा’ही मिळतो. कचरा, वीज, पाणी असे विषय घेऊन तो मिळवावा लागतो आणि दर दोन वर्षांनी पुन्हा सिद्ध करून टिकवावा लागतो.

या सगळ्यांत मोठा सोहळा मे महिन्यातला. दुसरीतली, सात-आठ वर्षांची मुलं तेव्हा पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतात. त्याची तयारी वर्षभर वर्गातच चालते: प्रार्थना पाठ करणं, धर्मगुरूंपुढे पहिलं पापनिवेदन, गाण्यांच्या तालमी, कुणी कुठला उतारा वाचायचा याच्या चिठ्ठ्या. त्या दिवशी मुली पांढऱ्या झग्यात आणि जाळीच्या ओढणीत, मुलगे सूट घालून छातीवर फीत लावून चर्चमध्ये येतात. नंतर शाळेत केक आणि चहा, घरी नातेवाइकांची गर्दी, पाकिटांतून मिळालेले पैसे आणि परसात उड्या मारायला भाड्यानं आणलेला हवेचा किल्ला. कपड्यालत्त्यावर इतका खर्च का करायचा, हा वाद दरवर्षी होतो. पण ज्या घरात एरवी कुणी चर्चची पायरी चढत नाही, तिथलं मूलही त्या दिवशी रांगेत उभं असतं. मुंज किंवा बारसं ज्या ओढीनं केलं जातं, त्याच ओढीनं हे होतं. त्यात श्रद्धा असतेच, पण घराण्याचं आणि गावाचं एकत्र येणं अधिक असतं.

या व्यवस्थेची काळी बाजू झाकून तिचं कौतुक करता येत नाही. चर्चच्या संस्थांमधल्या मुलांवर पिढ्यान्पिढ्या झालेले अत्याचार 2009 च्या रायन अहवालानं, म्हणजे सरकारनं नेमलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालानं, उघड केले. सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात धार्मिक संघांनी चालवलेल्या 308 शाळांमधल्या लैंगिक अत्याचाराच्या 2,395 तक्रारींची नोंद आहे. या देशाचा चर्चवरचा विश्वास ज्या कारणांनी उडाला, त्यांत हे मोठं कारण आहे. 2016 मध्ये 79 टक्के लोक स्वतःला कॅथलिक म्हणवत होते. 2022 च्या जनगणनेत ते 69 टक्क्यांवर आले.

वर्गही बदलला आहे. पोलंड, ब्राझील, नायजेरिया, केरळ आणि महाराष्ट्रातून आलेल्या घरांतली मुलं एका बाकावर बसतात. पूर्वी जागा कमी असतील तर बाप्तिस्मा झालेल्या मुलाला आधी प्रवेश मिळे, म्हणून काही आईबाप केवळ शाळेसाठी मुलाचा बाप्तिस्मा करून घेत. 2018 च्या कायद्यानंतर सरकारी पैशावर चालणाऱ्या कॅथलिक प्राथमिक शाळांना ती मुभा उरली नाही. धर्मशिक्षणाला न बसण्याचा हक्क तर राज्यघटनेनंच दिलेला आहे. पण हक्क असला तरी वेगळी खोली आणि वेगळा शिक्षक कुठून आणणार? मग दुसरीतलं हिंदू, मुस्लिम किंवा कुठलाच धर्म न मानणाऱ्या घरातलं मूल मागच्या बाकावर चित्र रंगवत बसतं आणि वर्ग ख्रिस्तप्रसादाची गाणी घोळवत राहतो. कुणी त्याला हाकलत नाही, हिणवत नाही. तरी आठवडेच्या आठवडे चाललेल्या उत्सवात आपल्याला काही काम नाही, हे त्याला कळतंच.

म्हणूनच अशा शाळांपैकी काहींचं व्यवस्थापन बहुधर्मी संस्थांकडे द्यावं, असं सरकारचं धोरण आहे. काम मात्र धिम्या गतीनं चाललंय, कारण आपली शाळा गमावली की गावच गमावल्यासारखं तिथल्या लोकांना वाटतं. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. या शाळेनं सण काढून टाकले तर तिथे इमारत आणि वेळापत्रक उरेल. पण लव्हाळ्याचा क्रूस विणताना वर्गातल्या कुणालाही धर्म विचारावा लागत नाही. आजी-आजोबांच्या दिवशी पुण्याहून आलेली आजीही गोष्ट सांगू शकते. नाणी साठवायला बाप्तिस्मा लागत नाही. जो सण हातांना काम देतो, तो सगळ्यांचा होतो. केवळ संस्काराची तयारी हेच ज्याचं सर्वस्व, तो काहींचाच राहतो आणि त्याची जागा चर्चमध्ये, शाळेच्या वेळेबाहेर असणं योग्य. माझं मत असं स्पष्ट आहे.

आयर्लंडला निघालेल्या मराठी आईबापांनी शाळा पाहायला गेल्यावर मुख्याध्यापकांना एवढं जरूर विचारावं: दुसरीच्या वर्षी तालमीच्या तासाला आमचं मूल कुठे बसेल आणि काय करेल? चांगल्या शाळेपाशी याचं तयार उत्तर असतं. आणि हाच प्रश्न आपल्याकडच्या शाळांनीही स्वतःला विचारायला हवा. सरस्वतीपूजन, गणपती, नाताळ, स्नेहसंमेलन, कुठलाही कार्यक्रम असो. ज्या मुलांच्या घरी तो सण नसतो, त्यांची नावं कामांच्या यादीत सगळ्यांत आधी लिहा.