आखाड्यातला नानचाकू

नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून विमानाने जाणाऱ्याला हाताच्या बॅगेत काय काय नेता येत नाही, याची एक यादी असते. त्या यादीत चाकू-कात्रीच्या जोडीला नानचाकूचेही, म्हणजे दोरीने किंवा साखळीने जोडलेल्या दोन दांडक्यांचेही, नाव आहे. देशातल्या सगळ्याच विमानतळांना हा नियम लागू आहे. सुरक्षा यंत्रणेने या दोन दांडक्यांची गणना खेळण्यात केलेली नाही, शस्त्रात केली आहे.

या विमानतळाला खेटूनच मिहान हा औद्योगिक प्रकल्प पसरला आहे. आयटी कंपन्या, विमान दुरुस्तीचे केंद्र, एम्स, आयआयएम आणि या सगळ्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या नव्या वसाहती. इथे काम करणाऱ्यांत तरुण मुलामुलींचा भरणा मोठा आहे आणि अनेकांना पाळ्यांमध्ये काम करावे लागते. रात्री उशिरा मोकळ्या, रुंद रस्त्यांवरून परतताना आपल्याला स्वतःचे रक्षण करता आले पाहिजे, असे त्यांना वाटले तर त्यात नवल नाही. कराटेच्या क्लासची चौकशी होते आणि तिथे नानचाकू हमखास नजरेस पडतो. मोबाइलवरच्या चित्रफितींत तो काखेतून, मानेमागून, पायांखालून गरगर फिरतो आणि पाहणारा थक्क होतो. मात्र ही गिरकी शिकलेल्या माणसाला त्याच दांडक्यांनी लढताही येते का? सराव जर गिरकीपाशीच थांबला असेल, तर येत नाही.

नानचाकूची बांधणी साधी आहे. सुमारे 30 सेंटिमीटर लांबीची दोन दांडकी आणि त्यांना जोडणारी आखूड दोरी किंवा साखळी. हे शस्त्र जपानच्या ओकिनावा बेटावरचे. धान्य झोडपण्याच्या अवजारातून ते आले असे कोणी म्हणतात, तर कोणी त्याचे मूळ घोड्याच्या लगामात शोधतात. दोन्ही मतांना ठोस पुरावा नाही. बेटावर विखुरलेली जुनी शस्त्रविद्या विसाव्या शतकात ज्यांनी गोळा केली, त्यांत तायरा शिनकेन (1897–1970) हे नाव मोठे आहे. त्यांनी नानचाकूसाठी बसवलेला काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, आजही शिकवला जातो. त्यात पवित्रा, वार आणि अडवणूक यांवर भर आहे. डोळे दिपवणाऱ्या कसरतींना त्यात जागा नाही.

जगाला नानचाकूची ओढ लावली ती ब्रूस लीने. 'फिस्ट ऑफ फ्युरी' (1972) आणि 'एंटर द ड्रॅगन' (1973) पाहून देशोदेशीच्या मुलांनी घरीच दांडकी बांधली. लीला हे शस्त्र दाखवणारे त्याचे सहकारी डॅन इनोसँटो हे स्वतः मुरलेले लढवय्ये होते. तरीही पडद्यावरची चाल कॅमेऱ्यासाठी बसवलेली असते, हे विसरून चालत नाही. 'वे ऑफ द ड्रॅगन' (1972) मध्ये एक गुंड नानचाकू उचलतो, फिरवायला जातो आणि स्वतःच्याच डोक्यावर मारून घेतो. प्रेक्षक हसतात. नवशिक्याच्या बाबतीत मात्र ही शक्यता अगदी खरी असते.

असे का होते, हे समजून घेतले पाहिजे. मोकळ्या दांडक्याचे टोक मुठीपेक्षा कितीतरी अधिक वेगाने जाते आणि वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून हलके दांडकेही हाड मोडू शकते. पण घाव बसताच ते दांडके उसळून परत येते. कुठल्या दिशेने येईल हे घाव कुठे, किती तिरका आणि कशावर बसला यावर ठरते. हवेत फिरवताना ही उसळी कधीच अनुभवाला येत नाही. वर्षभर हवेत फिरवणारा माणूस पहिला खरा घाव घालतो, तेव्हा परतणारे दांडके त्याच्याच कोपरावर किंवा कपाळावर आदळू शकते.

दिखावा आणि लढत यांतला हा फरक महाराष्ट्राच्या आखाड्यांना नवा नाही. आपल्याकडच्या मर्दानी खेळांत बनेटी आहे. लाठीच्या टोकांना गोळे बांधून ती अंगाभोवती वेगाने फिरवायची. मिरवणुकीत टोकांना पेटते बोळे लावले की अंधारात आगीची चक्रे दिसतात. बनेटीने मनगट, खांदा आणि दम तयार होतो. पण समोरच्याचा वार ओळखायचा आणि चुकवायचा कसा, हे शिकवण्यासाठी आखाड्यात दुसरा खेळ होता. तो फरीगदगा. गदगा म्हणजे चामड्याने मढवलेली काठी आणि फरी म्हणजे लहान ढाल. दोघे समोरासमोर उभे राहून एकमेकांवर खरेखुरे वार करत आणि ते ढालीवर झेलत. तलवारीच्या लढतीची ही तालीम होती आणि चामड्याच्या आवरणामुळे खेळणारे धडधाकट घरी जात.

अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 साली सुरू केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने अशा देशी खेळांना पद्धतशीर शिक्षणाची चौकट दिली. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' काढला. म्हणजे लढाऊ कसब कसे घडवायचे, याचा विचार मराठी माणसाने पूर्वीच नीट केला आहे. नानचाकूलाही तोच विचार लागू पडतो.

लढतीचा सराव चार पायऱ्यांनी होतो. पहिल्या पायरीवर मोजकेच वार शिकायचे: वरून खाली, तिरका आणि आडवा. प्रत्येक वारानंतर मोकळे दांडके काखेत किंवा दुसऱ्या हातात पकडून पुन्हा पवित्र्यात यायचे. दुसरी पायरी टांगलेल्या पोत्यावर किंवा जुन्या टायरवर मारण्याची. उसळी इथेच कळते आणि वाराचा जोर किती ठेवायचा तेही इथेच उमगते. तिसरी पायरी पायांची. दोन्ही दांडकी धरूनही नानचाकूचा पल्ला पाच-सहा फुटी लाठीच्या निम्म्याहून कमी भरतो. त्यामुळे आत शिरणे, घाव घालणे आणि लगेच बाहेर पडणे हे पावलांनी साधावे लागते. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची पायरी जोडीदाराची. फोमची दांडकी, जाळीचे शिरस्त्राण, हातमोजे आणि जांघेचे संरक्षक कवच घालून समोरच्याशी मोकळी लढत खेळायची. ठरलेला क्रम नाही, समोरचा थांबत नाही आणि चूक झाली की टोला बसतो. धीर आणि अंदाज इथेच येतो.

हा मार्ग युरोपात रुळला आहे. नेदरलँड्समध्ये 1996 साली मिल्को लॅम्ब्रेख्ट यांनी स्थापन केलेल्या जागतिक नानचाकू संघटनेने सुरक्षित दांडकी आणि शिरस्त्राण वापरून लढतीचा खेळ बसवला. अमेरिकेत केविन ऑर्कट या पोलीस अधिकाऱ्याने खास पोलिसांसाठी नानचाकू तयार केला. सॅन डिएगोच्या पोलिसांनी तो वापरला आणि 2015 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अँडरसन गावच्या पोलिसांनीही स्वीकारला. त्यात फिरवाफिरवीपेक्षा संशयिताचे मनगट किंवा घोटा दोन दांडक्यांत पकडून त्याला आवरण्यावर भर होता. उलट न्यूयॉर्क राज्याने 1974 पासून घरात नानचाकू बाळगण्यावरही बंदी घातली होती. ती 2018 च्या डिसेंबरमध्ये संघीय न्यायालयाने रद्द केली.

या शस्त्राच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. त्याला फिरायला जागा लागते, त्यामुळे लिफ्टमध्ये, रिक्षात किंवा गर्दीच्या बसमध्ये त्याचा उपयोग जवळजवळ नाही. ताणलेल्या दोरीने जोरात आलेली काठी अडवणे अवघड असते. शिवाय ओल्या किंवा घामेजल्या हातातून दांडके सुटू शकते.

कायद्याची बाजूही शिकणाऱ्याला माहीत हवी. शस्त्र अधिनियम, 1959 मधल्या व्याख्येतून साधी लाठी आणि चालण्याची काठी वगळली आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घडवलेली वस्तू मात्र त्या व्याख्येत बसू शकते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश लागू असेल, तर सार्वजनिक जागी काठीसुद्धा बाळगता येत नाही. भारतीय न्याय संहितेने स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला आहे, पण गरजेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही. डोक्यावर बसलेला एक घाव ती सीमा ओलांडू शकतो.

म्हणून मिहानमधल्या किंवा कुठल्याही गावातल्या तरुणाने नानचाकू रोजच्या बॅगेत ठेवू नये. रस्त्यावर धोका जाणवला तर उजेडाच्या आणि वर्दळीच्या दिशेने निघावे आणि 112 वर फोन करावा. नानचाकू शिकावा तो आखाड्यात, अंदाज, चपळता आणि धीर कमावण्यासाठी. क्लास निवडताना पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी प्रशिक्षकाला एवढे अवश्य विचारावे: इथे जोडीदाराबरोबर, शिरस्त्राण घालून, मोकळी लढत खेळवली जाते का? उत्तर 'नाही' असेल, तर तिथे कसरत शिकायला मिळेल. लढत शिकायची असेल, तर दुसरा क्लास शोधावा.