अवयवदान : निर्णय आपणच घ्यावा, पण आधी घ्यावा

बँकेत काउंटरवर बसणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. खातेदार आयुष्यभर पै-पै जमवतो, पण नॉमिनेशनच्या रकान्यात नाव लिहायचे राहून जाते. "बघू नंतर" असे म्हणतो आणि एक दिवस त्याची पत्नी मृत्यूचा दाखला घेऊन समोर उभी राहते. पैशाच्या बाबतीत हे घडते, तसेच ते आपल्या देहाच्या बाबतीतही घडते. मी हे अनुभवाने लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या चुलतभावाला मोटारसायकलचा अपघात झाला. डोक्याला जबर मार लागला होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचे सांगितले आणि रुग्णालयातील समन्वयक बाईंनी अतिशय सौम्य शब्दांत अवयवदानाबद्दल विचारले. त्याची पत्नी माझ्याकडे पाहून म्हणाली, "दादा, तुम्ही म्हणाल तसं." मी नाही म्हणालो. नकार देण्याइतका विचार मी केलेलाच नव्हता; त्याच्या मनात काय होते ते मला ठाऊक नव्हते आणि त्याची छाती तर वर-खाली होताना दिसत होती. तो नकार आजही मला टोचतो. म्हणून हा विषय समजून घेतला, तो आपल्यासमोर ठेवत आहे.

प्रथम मेंदूमृत्यू म्हणजे काय ते पाहू. कोमा आणि मेंदूमृत्यू एक नव्हेत. कोमातील रुग्ण बरा होऊ शकतो. मेंदूमृत्यूत मात्र श्वासाचे नियंत्रण करणारा मेंदूचा खोडासारखा भाग कायमचा बंद पडतो. श्वास यंत्र देते, त्यामुळे हृदय आणखी काही काळ चालते, पण माणूस परत येत नाही. आपल्या देशात 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने या मृत्यूला मान्यता दिली. 2011 मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन त्वचा, नेत्रपटल यांसारख्या ऊतींचाही समावेश झाला. मेंदूमृत्यू ठरवण्यासाठी चार डॉक्टरांचे मंडळ असते. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील डॉक्टर त्यात चालत नाहीत. सर्व तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात. रुग्ण स्वतः श्वास घेतो का, हेही पाहिले जाते. "अवयवांसाठी डॉक्टर लवकर मृत ठरवतील" या भीतीवर कायद्याने घातलेला हा बांध आहे.

अशा एका दात्याचे हृदय, दोन फुप्फुसे, यकृत, दोन मूत्रपिंडे, स्वादुपिंड आणि आतडे मिळून आठ जणांपर्यंत उपयोगी पडू शकतात. हृदय साधारण चार ते सहा तासांत दुसऱ्या शरीरात बसवावे लागते, म्हणून धावपळ असते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे प्रतीक्षायादीप्रमाणे अवयवांचे वाटप करतात. रक्तगट, आजाराची निकड, यादीतील क्रम या गोष्टी पाहिल्या जातात, जात-धर्म नाही. अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा असून त्यासाठी पाच ते दहा वर्षांची कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड अशी शिक्षा आहे. अवयव काढल्यावर देह नीट शिवून, सन्मानाने घरच्यांच्या स्वाधीन केला जातो. अंत्यविधीला कोणतीही अडचण येत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करावा. घरी नैसर्गिक मृत्यू आला तर हृदय किंवा मूत्रपिंड देता येत नाही, पण डोळे देता येतात. त्यासाठी सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे, पंखा बंद करावा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा आणि डोके उशीवर थोडे उंच करावे. चष्मा असला, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असले, मधुमेह असला तरी नेत्रदान होऊ शकते. देहदान ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ते वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी असते.

आता धम्माच्या दृष्टीने विचार करू. दहा पारमितांचे पालन आणि सर्व प्राणिमात्रांविषयी करुणा या दोन्ही गोष्टी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये आहेत. पारमितांमध्ये पहिली दान पारमिता. पाली परंपरेत तिच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : वस्तूंचे दान, शरीराच्या अवयवांचे दान आणि प्राणांचे दान. सिवि जातकातील राजा अंध याचकाला आपले डोळे देतो. त्या कथेत मला महत्त्वाचे वाटते ते असे, की याचक दारी येण्यापूर्वीच राजाने मनाशी ठरवलेले असते. म्हणूनच अमात्य अडवू लागले तरी तो डगमगत नाही. आपल्या शेजारच्या श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्वा यांनी नेत्रदानाची चळवळ उभारली. 1961 पासून काम करणाऱ्या तेथील संस्थेने जगातील अनेक देशांना नेत्रपटले पाठवली आहेत.

सर्वच बौद्ध परंपरांचे मत मात्र एक नाही. श्वास थांबल्यावरही काही काळ देहाला हात लावू नये, असे मानणारे तिबेटी परंपरेत आहेत. त्यांचा आदर राखूनही सांगावेसे वाटते, की आत्मा न मानणाऱ्या आणि पिंडदान सोडलेल्या आपल्या समाजाला "अपुऱ्या देहाने गेल्यास पुढे काय" ही चिंता करण्याचे कारण नाही.

आपल्या वस्तीतील वडीलधारी माणसे वेगळाच प्रश्न विचारतात : "गरिबाचं शरीर घेणार आणि श्रीमंताला देणार, असंच ना?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. प्रत्यारोपणाचा खर्च मोठा आहे आणि गरीब रुग्णापर्यंत तो लाभ सहज पोहोचत नाही, हे खरेच आहे. परंतु वर्षानुवर्षे डायलिसिसवर असलेली माणसे आपल्याही वस्त्यांत आहेत. दात्यांअभावी त्यांचीही प्रतीक्षा लांबते. सरकारी रुग्णालयांत प्रत्यारोपण वाढावे ही मागणी आपण संघटितपणे करावी. त्यासाठी दान थांबवू नये.

तरीही निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. कालामांना तथागतांनी सांगितले, की ऐकीव म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. पारखून जो "नाही" म्हणेल त्याला कोणी कमी लेखू नये. भिडेने दिलेले ते दान कसले? मात्र न ठरवता राहणे म्हणजे दुःखाच्या घडीला तो भार घरच्यांवर टाकणे होय.

ठरवल्यास राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेकडे, म्हणजेच नोट्टोकडे, आधार क्रमांकाने नोंदणी करता येते. नोंदणी पुढे रद्दही करता येते. पण नुसते कार्ड पाकिटात ठेवून भागत नाही. प्रत्यक्ष वेळ आल्यावर नातेवाइकांची संमती विचारली जातेच. म्हणून घरात मोकळेपणाने बोलणे हाच खरा फॉर्म.

गेल्या बुद्ध पौर्णिमेला आम्ही घरी हा विषय काढला. पत्नी तयार झाली. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने तर आमच्याआधीच नोंदणी केली होती. आईने डोळ्यांना होकार दिला, "बाकीचं राहू दे" म्हणाली. तिचे म्हणणे आम्ही वहीत तसेच लिहून ठेवले आहे. उद्या आमच्यापैकी कोणावर वेळ आलीच, तर दुसऱ्याला अंदाज करावा लागणार नाही. माझ्या भावाच्या वेळी मला तो करावा लागला होता.