लायब्ररीतून ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आणताय?

सध्या लायब्ररीतून आणलेल्या टॉल्किनच्या या कादंबरीत आकंठ बुडालेय! १९५४-५५मध्ये तीन खंडांत आली असली, तरी ही खरं तर एकच सलग कादंबरी. महायुद्धानंतर कागद महाग, म्हणून भाग पाडावे लागले. त्यामुळे पहिला खंड ऐन रंगात संपतो. माझा लाडका दुसरा. त्याच्या पूर्वार्धात कथानायक फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम दिसतच नाहीत, दिसतात ते त्यांचे बाकीचे साथीदार; उत्तरार्ध मात्र सगळा त्यांच्या वाटचालीचा. या दोन्ही कथानकांतल्या तारखा जुळाव्यात म्हणून टॉल्किनने चंद्राच्या कलासुद्धा हिशेबात धरल्या होत्या! पुस्तकातला नकाशा उघडा ठेवूनच वाचा. मी तर प्रत्येक मुक्काम बोट ठेवून शोधते. शेवटी परिशिष्टात सगळा कालक्रम आहे, पण तो आधी उघडू नका, शेवट कळेल. आणि एक खंड संपताच पुढचा हाती हवा, म्हणून लायब्ररीत तिन्ही खंडांसाठी आधीच नाव नोंदवून ठेवा.