मेद ऊतींची संप्रेरके आणि व्यायाम

मेद ऊतींमधून रक्तात स्रवणाऱ्या संप्रेरकसदृश प्रथिनांना ॲडिपोकाइन असे म्हणतात. भूक, इन्सुलिनचे कार्य आणि शरीरातील दाह यांवर त्यांचा परिणाम होतो. वजन जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये या प्रथिनांचे संतुलन बिघडलेले आढळते. नियमित व्यायामाने ते काही अंशी सुधारू शकते.

पार्श्वभूमी

मेद ऊती म्हणजे केवळ ऊर्जेचा साठा, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. १९९४ मध्ये न्यू यॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिनचे जनुक शोधले. त्यानंतर मेद ऊतींकडे अंतःस्रावी अवयव म्हणूनही पाहिले जाऊ लागले.

प्रमुख प्रथिने

लेप्टिन हे शरीरातील मेदसाठ्याची माहिती मेंदूतील हायपोथॅलॅमसला पुरवते. मेद वाढल्यास रक्तातील लेप्टिनही वाढते. मात्र स्थूलतेत मेंदूचा त्याला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. देहवस्तुमान निर्देशांक समान असला, तरी स्त्रियांमध्ये लेप्टिनचे प्रमाण सामान्यतः पुरुषांपेक्षा अधिक असते. त्वचेखालील मेदाचे जास्त प्रमाण हे त्याचे एक कारण आहे.

ॲडिपोनेक्टिन हे इन्सुलिनची परिणामकारकता वाढवते. स्थूलतेत, विशेषतः पोटातील अवयवांभोवती मेद साठल्यास, त्याचे प्रमाण घटते आणि दाहकारक प्रथिनांचे प्रमाण वाढते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्याने मेद पोटाच्या भागात साठण्याची प्रवृत्ती वाढते.

व्यायामाचे परिणाम

काही आठवडे नियमित व्यायाम केल्यास रक्तातील लेप्टिन कमी होऊ शकते. ही घट मुख्यतः शरीरातील मेद कमी झाल्यामुळे होते. ॲडिपोनेक्टिनबाबतचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. काही अभ्यासांत ते वाढलेले, तर काहींत स्थिर राहिलेले आढळते.

व्यायामाचे सर्व लाभ या संप्रेरकांवर अवलंबून नसतात. स्नायूंच्या आकुंचनामुळे ग्लुट-४ हे ग्लुकोजवाहक प्रथिन इन्सुलिनशिवायही पेशींच्या पृष्ठभागावर येते आणि स्नायू रक्तातील ग्लुकोज शोषून घेतात. व्यायामानंतर स्नायूंची इन्सुलिन-संवेदनशीलता साधारणतः एक ते दोन दिवस वाढलेली राहते. म्हणूनच व्यायामात सातत्य आवश्यक ठरते.

मूल्यमापन

व्यायामाने पोटातील मेद घटला, तरी वजनात फारसा फरक न पडणे शक्य असते. त्यामुळे केवळ वजनावरून व्यायाम निष्फळ ठरवणे योग्य नाही. कंबरेचा घेर, रक्तदाब, रक्तातील ग्लुकोज व ट्रायग्लिसराइड यांचाही विचार केला जातो. भारतीय स्त्रियांमध्ये ८० सेंमी किंवा त्याहून अधिक कंबरेचा घेर हा उदरस्थूलतेचा निकष मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूबळ वाढवणारे व्यायाम करावेत.