मुंबई : कामावर जायचं भाडं

• लोकल : सेकंड क्लासचं किमान तिकीट ५ रुपये. मासिक पास त्याहून स्वस्त पडतो; पण रोजंदारीवरच्या नाका कामगाराकडे पासाचे पैसे एकरकमी असतातच असं नाही.

• बेस्ट : साध्या बसचं किमान भाडं मे २०२५मध्ये ५ रुपयांवरून १० रुपये झालं. रोज दोन फेऱ्या, महिन्याचे २६ दिवस धरले, तर २६० रुपयांचे ५२० झाले.

• मालडबा : पाट्या, टोपल्या, बोजे घेऊन कोळणी आणि भाजीवाल्या लोकलच्या याच डब्यात चढतात. पाटी पायाशी, हात दांडीला.

• पायी : बसचे पैसे वाचवायला अनेक घरकामगार बाया दोन-तीन थांबे चालतात.

भाडेवाढ ठरवताना आधी यांचा हिशेब मांडायला हवा.